सिस्टर चार नंबरशीच बोलायच्या

जिच्यावर मी आयुष्यात सगळ्यात जास्त जळले ती पोरगी बेशुद्ध होती. माझ्या बाजूच्या कॉटवर. ती चार नंबर, मी तीन नंबर.

आधी सांगते हे काहून लिहून राहिले. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं टाकलं की तिचे मामा आयसीयूत हायेत, अन् "त्यांना काई ऐकूच येत न्हाई, मग आत जाऊन करायचं काय?" ते वाचलं अन् मी लगेच मोबाईल घेतला. तिला चार ओळी लिहायला बसले, तर त्या चार ओळी एवढ्या झाल्या. शुद्धलेखन बघू नका, अंगठे पळून राहिलेत नुसते.

मला वाटलं ॲसिडिटी

आमचं गाव सेनगावापासून जीपनं अर्धा तास. बाबा तीच जीप चालवतात, सेनगाव-हिंगोली. घरात मी, माय अन् बाबा. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

मायबद्दल एक सांगते, ते पुढं लागणार हाय. आमची माय बोलते. म्हंजे लईच बोलते. खुरपायला गेली तर तिसऱ्या वावरातल्या बाया तिथूनच तिला उत्तरं देतात. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या मागंच लागली, "दिपे, खाली झोपू नको, कॉटवर झोप, मच्छरदाणी लाव, पावसापाण्याचं लांबडं फिरतंय." (सापाला ती साप म्हणत न्हाई.) गरमीनं माझा जीव चाललेला, फॅनचा वारा खालीच लागतो, अन् ही ऐकंना. मी चिडून म्हणले, "माय, तू जरा गप बस ना!" अन् फरशीवर चादर टाकली.

सकाळी उठले तर पोटात कळ. ॲसिडिटी असंल म्हणून मायनं ओवा दिला. ओवा गिळायलाच येईना. मग डोळे झाकायला लागले. झोप न्हाई हो, पापण्याच उचलंनात. बाबा म्हणले, "पोरीचं तोंड असं काहून दिसून राहिलं?" अन् जीप काढली. हिंगोलीपर्यंत माझी जीभ जड झाली होती, दातांत अडकल्यावाणी.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पापण्या बोटानं वर केल्या अन् बाबांना एकच विचारलं, "काल खाली झोपली होती का?"

बाबा म्हणले, "व्हय."

"मण्यार चावलाय."

दात कुठं लागले ते आम्हाला आजपर्यंत सापडलं न्हाई. तकलीफ कळायच्या आधीच सगळं अंग गेलं. शेवटचं मला दिसलं ते छताचा फॅन. मग कुणीतरी म्हणलं, "आता नळी टाकायची," अन् फॅन गेला.

आतून

शुद्ध आली तेव्हा मला वाटलं मी मेले. डोळे उघडंनात, बोट हलंना, श्वाससुद्धा माझा मी घेत नव्हते, मशीन घेत होती. पण ऐकू येत होतं. सगळं! मशीनचं टुकटुक, चपलांचा आवाज, कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला तोसुद्धा. बाहेरून मी मढं अन् आतून मी अख्खी जागी. नळी सरकली की घशात आग व्हायची. मी आत वरडत होते अन् बाहेर काईच जात नव्हतं. ही भीती कशी असते ते मला लिहिता येणार न्हाई, मी ट्राय करून सोडून दिलंय.

त्यात एक आवाज आला.

"दीपाली, बाळा, मी वंदना सिस्टर. आज बुधवार हाय. सकाळचे आठ वाजलेत. बाहेर आभाळ आलंय. तू हिंगोलीत दवाखान्यात हायेस. आता मी तुझं तोंड पुसते, कापूस थंड लागंल हं."

अन् कापूस थंड लागला. बराबर!

त्या एका वाक्यानं मी जिवंत झाले. बुधवार होता. आठ वाजले होते. बाहेर आभाळ होतं, म्हंजे बाहेर होतं! वंदना सिस्टर काईबी करायच्या आधी सांगायच्या. सुई असली तर "टोचंल", कुशीवर घ्यायचं असलं तर "आता डावीकडं घेते." न सांगता त्यांनी मला एकदाबी हात लावला न्हाई. मी त्यांच्या आवाजाची वाट बघत पडायचे.

अन् मग त्या चार नंबरकडं जायच्या.

साधी

चार नंबरवर नसरीन होती. आखाडा बाळापूरची, माझ्याच वयाची. भावाच्या स्कुटीवर मागं बसली होती, रस्त्यात पडली, डोक्याला मार. ती शिलाईकाम करते. तिला लिंबाचं लोणचं आवडतं. भावाशी चार्जरवरून भांडते. तिचं एका पायाचं नख लहानपणी गेलंय. हे सगळं मला कसं माहीत? सिस्टरांमुळं!

सिस्टरांची एक पद्धत होती. पेशंट बोलत नसला की त्या नातेवाइकांना विचारायच्या, घरी काय म्हणतात, काय आवडतं, कुणाशी भांडते. ते सगळं पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून कॉटच्या दांडीला चिकटवायच्या. मग ड्युटी बदलताना दुसऱ्या सिस्टरला वाचून दाखवायच्या. नसरीनची अम्मी म्हंजे बोलायला बसली की बसलीच, त्यामुळं चार नंबरच्या दांडीवर पट्ट्याच पट्ट्या. त्या वाचायला दोन मिनिटं लागायची.

अन् मग, "तीन नंबर. दीपाली. बी.एस्सी. साधी."

संपलं!

साधी! बाबांना विचारलं असंल अन् बाबा म्हणले असतील, "साधीच हाय हो पोरगी, काई नाद न्हाई तिला." बाबा, मला नाद न्हाई? मी पावसात भिजत कबड्डी बघते. मला सगळ्या मास्तरांच्या नकला येतात. मी भेंडीला हात लावत न्हाई. पण पट्टीवर काय, तर साधी. मग सिस्टर तरी माझ्याशी काय बोलणार? "बाळा, कुशीवर घेते." "बाळा, शुक्रवार हाय." अन् बाजूला जाऊन, "काय नसरीनबाई, आज तुझ्या भावानं तुझा चार्जर घेतलाय म्हणं! उठ अन् हाण त्याला!"

मी जळून खाक. मला माहीत होतं तिला ऐकू येत असंल का न्हाई तेसुद्धा नक्की न्हाई, डॉक्टरच म्हणले होते. मला तर सगळं येत होतं! पंगतीत बसलेल्याला वाढंना अन् न आलेल्याच्या पानात लाडू, असं झालं.

सगळ्यात जास्त जळायचे ते सिस्टर घरी निघायच्या तेव्हा. मला म्हणायच्या, "येते बाळा." अन् नसरीनच्या कपाळावर हात ठेवून (तो हातबी मला ऐकू यायचा, त्यांची बांगडी वाजायची) म्हणायच्या, "निघते राणी. तुला कुणाच्या भरवशावर सोडून चालले न्हाई. तुझ्याच भरवशावर सोडून चालले."

मी ते वाक्य चोरायचे. त्या गेल्या की मनात म्हणायचे, मला म्हणल्या, मला म्हणल्या. मग दुसऱ्या दिवसापर्यंत तेवढ्यावर पडायचे.

भेटायची वेळ

सकाळी अन् संध्याकाळी घरचं एक जण आत. नसरीनची अम्मी यायची, तिचे पाय चोळत बसायची अन् तोंड चालूच. "उठ गे बेटा, तेरी मशीनपे बिल्ली बैठी है. मुमानी पूछ री, ब्लाऊज कब देती करके. क्या बोलूं मैं?" हसायची, रडायची, परत बिल्ली.

माझ्याकडं माय यायची. मला कळायचं, कारण तिच्या हाताला भेगा हायेत, हात धरला की टोचतात. हात धरायची. अन् गप.

एक शब्द न्हाई! दिपे न्हाई, बाळ न्हाई, काईच न्हाई. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नुसता श्वास. मग निघून जायची. पहिल्या दिवशी कुणालाच आत सोडलं नव्हतं. पण त्यानंतर रोज हेच. अन् माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरायचं, माय, तू जरा गप बस ना. ती बसली. मी म्हणलं अन् ती बसली. अन् मी आता अशीच गेले तर माझं तिच्याशी शेवटचं बोलणं तेच राहणार.

एकदा सिस्टर दुसऱ्या सिस्टरला हळूच म्हणल्या, "तीन नंबरची आई मुकी हाय वाटतं. मी बोला बोला म्हणते तर नुसती मान हालवते. तिच्या मालकाला विचारलं, तो म्हणला, तिला बोलता येत न्हाई सध्या."

मुकी! माझी माय! मी आतल्या आत एवढी वरडले की मशीन बंद पडायला पाहिजे होती. माझी माय मुकी न्हाई, ती माझ्यावर रुसली हाय, एवढं कुणीतरी सांगा हो. अन् बाजूला अम्मीचं चालूच, बिल्ली, मशीन, बिल्ली. त्या दिवशी मी नसरीनवर जेवढी जळले तेवढी कधीच न्हाई. तिला सिस्टरबी अन् अम्मीबी. मला कुणीच न्हाई.

गळा

सिस्टरांच्या दिराचं लग्न होतं. त्यासाठी ब्लाऊज शिवायचा होता अन् गळा ठरत नव्हता. अन् हे सगळं विचारायचं कुणाला? नसरीनला! "तू तर टेलर हायेस, सांग. बोट नेक ठेवू का? मागं दोरी का लटकन?" रोज. मी रोज मनात सांगायचे, बोट नेक नको, तुम्हाला शोभणार न्हाई. मी सिस्टरांना डोळ्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं! पण आवाजावरून मान आखूड वाटायची.

त्या दिवशी संध्याकाळी भेटायची वेळ होती. माय येऊन गेली होती, गपच. अम्मी नसरीनचे पाय चोळत होती. सिस्टर नसरीनची वेणी घालून देत होत्या. (माझ्या केसांचा गुंता झालेला, माझी पण घातली असती नंतर, पण तेव्हा मला काय माहीत.) वेणी घालता घालता म्हणल्या, "बघा अम्मी, किती शांत बसते वेणीला. हिच्यावाणी शहाणी पोरगी या अख्ख्या वॉर्डात न्हाई. चल, तू बोलत न्हाईस ना नसरीन, मग मी बोट नेकच टाकते."

अख्ख्या वॉर्डात न्हाई! अन् वरून बोट नेक!

मी काय केलं मला माहीत न्हाई. एवढंच आठवतं की पायापर्यंत राग गेला.

"या अल्ला! सिस्टर! इसका पाँव!"

अम्मी वरडली. ती आत आली की पायच बघायची ना. लेकीचा पाय कधी हलतो याची वाट बघत बसलेली, अन् हलला तो माझा.

सिस्टरांची बांगडी वाजत माझ्याकडं आली. "दीपाली? ऐकू येतंय का? येत असंल तर पायाचा अंगठा हलव."

हलवला. अख्ख्या अंगातला तेवढाच माझा होता.

"अगं माझे माय! परत हलव!"

परत.

मागं अम्मी "मुबारक, मुबारक" म्हणत होती अन् म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला. मला पहिल्यांदा जरा शरम वाटली. जराच. खरं सांगते.

डॉक्टर आले, बघून गेले, चांगलं चिन्ह हाय म्हणले. मग सिस्टर माझ्या पायाशी स्टूल ओढून बसल्या. "एकदा हलवलं म्हंजे व्हय, दोनदा म्हंजे न्हाई. तू आधीपासून ऐकून राहिली का?"

एक.

"सगळं?"

एक.

"ब्लाऊजचंबी?"

एक.

"मग बोट नेक टाकू?"

दोन!

एवढ्या हसल्या की दुसरी सिस्टर पळत आली. "अगं मी त्या बिचारीचं डोकं खाऊन राहिले अन् गिऱ्हाईक इकडं बसलंय! साधी कोण म्हणलं हिला?" मग हसता हसता म्हणल्या, "तुझ्या आईला सांगते हं बाहेर जाऊन. मुक्या हायेत ना त्या?"

दोन.

"न्हाई?"

दोन. दोन. दोन. अंगठा दुखेपर्यंत दोन.

बोलली का न्हाई?

बाहेर काय झालं ते मला नंतर बाबांनी सांगितलं. सिस्टर तावातावानं गेल्या, "दादा, तुमची पोरगी म्हणते तिची आई मुकी न्हाई. खरं काय ते सांगा!" मग बाबांनी सांगूनच टाकलं. दवाखान्यातले शिकलेले लोक हसतील म्हणून त्यांनी लपवलं होतं. माय मला दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं औंढ्याला गेली होती. नागनाथासमोर उभी राहून नवस बोलली, माझी पोरगी बोलेपर्यंत मी कुणाशी बोलणार न्हाई.

बाकीच्या बाया उपास धरतात. मायला उपास काईच न्हाई, ती कामाच्या नादात तशीच जेवायची राहते. तिला सगळ्यात अवघड काय? गप बसणं. म्हणून तिनं तेच दिलं देवाला. अन् मी आत पडून म्हणत होते की ती रुसली!

सिस्टर हसल्या न्हाईत. बाबा हे दरवेळी सांगतात, की हसल्या न्हाईत. त्यांनी मायचा हात धरला अन् तिला आत आणलं. मला भेगा टोचल्या.

"मावशी, तुमी देवाला काय म्हणलं? पोरगी बोलेपर्यंत ना? ही बोलली. मला बोट नेक टाकू नको म्हणली. आता तोंडात नळी हाय, तर ती पायानं बोलली. देवाला पाय कळत न्हाई का?"

माय गप. बाबा दारातून बघत होते, म्हणतात तिनं नुसती मान हालवली. नवस मोडला अन् काई झालं तर? लेकराचा जीव हाय, असा कुणाच्या म्हणण्यावर सोडवत न्हाई.

मग सिस्टर म्हणल्या, "बरं, माझं ऐकू नका. हिलाच विचारते. दीपाली, तुझ्या मायनं तुझ्यासाठी नवस केलाय, तू बोलेपर्यंत अबोला. तुझ्या मनानं तो फिटला का?"

मायनं माझा अंगठा मुठीत धरला होता. मी जोर लावला. तेवढा जोर मी बारावीलाबी लावला नव्हता.

एक.

अन् मग माझी माय बोलली. मला वाटलं होतं बाळ म्हणंल, सोन्या म्हणंल, अम्मीवाणी काईतरी गोड. ती म्हणली,

"कॉटवर झोप म्हणलं होतं का न्हाई तुला?"

एक.

"मग काहून झोपलीस गं खाली? काहून?" अन् जी रडली! रडता रडता बोलत राहिली, म्हशीचं, शेजारच्या काकूचं, सोयाबीनमधल्या गवताचं, सगळं साचलेलं. भेटायची वेळ संपली तरी सिस्टरांनी उठवलं न्हाई. शेवटी माय म्हणली, "अन् साधी कुणी लिहिलं इथं? ही साधी हाय? मास्तरच्या नकला करून मार खाल्लेली हाय ही!" सिस्टरांनी लगेच चिकटपट्टी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तीन नंबर वाचायला तीन मिनिटं लागायची. चार नंबरपेक्षा एक जास्त. मोजलंय मी.

डोळे

पापण्या उघडल्या तेव्हा सिस्टर दिसल्या. मला वाटलेलं उंच असतील. बुटक्या हायेत, चष्मा हाय, अन् मान आखूड. अंदाज बराबर!

पुढं नळी निघाली. घसा फाटलेला, आवाज बेडकावाणी. माय समोरच होती. मी म्हणले, "माय... बोल ना." तेव्हापासून ती थांबलेली न्हाई. आत्ताबी बोलून राहिलीये, स्वयंपाकघरातून, मी कुणाला एवढं लिहून राहिले म्हणून.

मला साध्या वॉर्डात हलवलं त्या दिवशी मी नसरीनजवळ दोन मिनिटं बसले. तिला पहिल्यांदा बघितलं. बारकी, एक वेणी इकडं, एक तिकडं, झोपलेली. मी तिला सांगितलं, मी तुझ्यावर लई जळत होते. ती हलली न्हाई. मग आज शनिवार हाय असं सांगितलं, वाजले किती ते सांगितलं. दुसरं काय बोलावं सुचलं न्हाई, तर मास्तरांची नक्कल करून दाखवली.

ग्रुपवरच्या मैत्रिणीला

आत जा. मामांना वार सांग, वाजलेत किती ते सांग, बाहेर ऊन हाय का आभाळ ते सांग. हात लावायच्या आधी सांग. सिस्टरांना सांग त्यांना काय आवडतं, कुणाशी पटत न्हाई. "साधे हायेत" असं सांगू नको. न्हाईच ऐकू आलं त्यांना, तर तुझी पाच मिनिटं गेली. पण आलं तर?

अन् घरी सगळ्यांना कॉटवर झोपव.

नसरीन

दोन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा सिस्टरांनी मोबाईलवर लग्नाचा फोटो दाखवला. गोल गळा, मागं लटकन, मी अंगठ्यानं ठरवून दिलेलं. अन् सांगितलं, नसरीन उठली! घरी गेली! तिथूनच मी अन् माय बाळापूरला गेलो.

ती भिंतीला धरून चालते. उजवा हात अजून ऐकत न्हाई, मशीनवर चिंध्यांवर शिलाई मारत बसलेली. बिल्ली खरंच मशीनवर होती. अम्मीनं माझे पाय बघितले आधी, मग तोंड, अन् मला मिठी मारली. माय अन् अम्मी बोलायला बसल्या, म्हंजे झालंच.

नसरीनला दवाखान्यातलं काईच आठवत न्हाई. काईच! सिस्टरांचा आवाज न्हाई, वेण्या न्हाईत, गळा न्हाई. मला म्हणली, "सब बोलते, सिस्टर मुझसे बहुत बातां करती थी. क्या बोलती थी? तुझे याद है क्या?"

मला सगळं याद होतं. तिला म्हणलेला शब्द अन् शब्द माझ्याकडंच होता. मी सांगत बसले. चार्जर, लोणचं, "उठ अन् हाण त्याला." ती ऐकून हसायची, परत विचारायची. दोन तास सांगितलं.

एक मात्र सांगितलं न्हाई. सिस्टर निघताना कपाळावर हात ठेवून म्हणायच्या ते. तोंडावर आलं होतं, पण गिळलं. तिला सगळं मिळालंय, एवढं एक मला राहू दे, असं वाटलं. जीपमध्ये बसल्यावर मायला सांगितलं तर ती म्हणली, "लोकाचं ठेवून घेतलंस व्हय? असं शिकवलं का मी?" अन् सेनगाव येईपर्यंत बोलली.

म्हणून, नसरीन, हे तुझ्या मोबाईलवर पाठवून राहिले. भावाकडून वाचून घे. वर, "साधी" म्हणून लिहिलंय ना, त्याच्या शेवटाकडं बघ, भरवशाचं वाक्य हाय. ते तुझं हाय. सिस्टर तुला म्हणल्या होत्या, रोज, हात ठेवून. मी चोरून वापरलं अन् त्याच्यावर जगले. आता घे.

ब्लाऊजचा गळा मात्र माझ्या पसंतीचा शिवला. तो देणार न्हाई.